स्क्रीनवर झकास, छापून आलं की चेहरे काळे: वार्षिकांकातल्या फोटोंचं दरवर्षीचं दुखणं

कॉलेजचा वार्षिकांक छापून आला की सगळे आधी आपापला फोटो शोधतात आणि दरवर्षी तीच तक्रार सुरू होते. चेहरे काळे आले, पांढरे शर्ट मळकट दिसून राहिले, गॅदरिंगच्या पानावर स्टेज कुठं संपतं आणि माणूस कुठं सुरू होतो तेच कळत नाही. फोटो काढणारे पोट्टे म्हणतात आमच्या लॅपटॉपवर तर मस्त दिसत होते, डीटीपीवाले म्हणतात आमच्याकडे आले ते फोटोच असे होते, प्रेसवाले म्हणतात फाइलमध्ये जे होतं ते छापलं. आणि तिघंही खरं बोलत असतात. म्हणूनच भांडण मिटत नाही, पुढच्या वर्षी टीम बदलते, कॅमेरा तोच, प्रेस तोच, अन् फोटो परत काळे.

माझं म्हणणं एवढंच आहे की फोटो एका जागी काळा होत नाही. थोडा कॅमेऱ्यात होतो, थोडा एडिटिंग करताना स्क्रीनच्या उजेडाला फसून होतो, थोडा स्क्रीनच्या रंगांचं (आरजीबी) छपाईच्या चार शायांत (सीएमवायके) रूपांतर करताना, आणि उरलेला कागदावर. प्रत्येक जागी थोडाथोडाच, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी नुसता ब्राइटनेसचा स्लायडर ओढून काही होत नाही, चेहरा उजळायच्या नादात आकाश पांढरंफट्ट होतं आणि चेहरा तरी राखेसारखाच राहतो. त्यामुळे उलटं चालायचं, छापलेल्या पानापासून मागं मागं कॅमेऱ्यापर्यंत. आणि अंक कोणत्या कागदावर छापणार आहे हे कळल्याशिवाय एडिटिंगला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक नवीन टीमला पहिल्याच दिवशी सांगतो.

आधी निदान. मागच्या वर्षीचा अंक घ्या, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बसा, ट्यूबलाइटखाली नाही. एखादा भिंग घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो साधा चालेल, दहा पट मोठं दाखवणारा मिळाला तर उत्तम. आता काळ्या आलेल्या चेहऱ्याच्या गालावर भिंग धरून बघा. तिथं चेहरा दिसत नाही, ठिपके दिसतात, निळसर म्हणजे सायन, गुलाबी म्हणजे मॅजेंटा, पिवळे आणि काळे. नीट छापलेल्या आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यात पिवळा आणि मॅजेंटा जवळपास बरोबरीनं असतात, पिवळा जरा जास्त, आणि सायन त्यांच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढाच असतो. काळा उजेडाच्या बाजूला जवळजवळ नसतोच. जो चेहरा राखेसारखा आला आहे तिथं सायन मॅजेंटाच्या बरोबरीला आलेला दिसेल आणि काळ्या ठिपक्यांची दाटी झालेली असेल, ठिपके एकमेकांना चिकटून मधला कागद दिसेनासा झालेला असेल. मग त्याच माणसाच्या पांढऱ्या शर्टवर भिंग न्या. शर्टच्या उजळ भागात कागद जवळपास कोरा दिसायला पाहिजे, तुरळक बारीक ठिपके.

आता त्याच फोटोची मूळ फाइल उघडा, म्हणजे कॅमेऱ्यातून आली ती, एडिट केलेली नाही, आणि गिंपमधलं किंवा फोटोशॉपमधलं कलर पिकर घेऊन शर्टवर टिचकी मारा, ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. आकडा २३५-२४५ च्या आसपास आहे आणि छापील शर्ट मळकट आहे, तर कॅमेऱ्याचा दोष नाही, गडबड पुढं कुठंतरी झाली. आकडा १८०-१९० असेल तर फोटो काढतानाच अंधारा निघाला. आणि शर्ट फाइलमध्येही पांढरा, छापूनही पांढरा, फक्त चेहरा काळा, तर तो उजेडाचा प्रश्न आहे, माणूस चुकीच्या दिशेला तोंड करून उभा होता. एवढ्या तपासणीत निम्मं भांडण मिटतं.

(चेहऱ्याच्या कडेला गुलाबी किंवा निळी सावली दुहेरी दिसत असेल तर ते रजिस्ट्रेशन हललं, चार शायांच्या चार प्लेटा एकावर एक नीट बसल्या नाहीत. त्याचा फोटोशी आणि तुमच्याशी काही संबंध नाही, ते प्रेसवाल्यांना दाखवा.)

आता कागद. आपल्याकडे कॉलेजच्या अंकात बहुतेक वेळा कव्हर आर्ट कार्डचं असतं आणि आतली पानं ७० किंवा ८० जीएसएम मॅपलिथोची, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदाची. आर्ट पेपरला वरून लेप असतो, शाई वर बसते, ठिपका फार पसरत नाही. मॅपलिथो शाई पितो. ठिपका पसरतो, याला डॉट गेन म्हणतात. प्लेटवर ५० टक्क्यांचा ठिपका असेल तर आर्ट पेपरवर तो ६५ च्या आसपास वाटतो आणि मॅपलिथोवर ७० च्या वर जातो. चेहरे नेमके याच मधल्या पट्ट्यात असतात, त्यातून आपली कातडी सावळी, म्हणून सगळ्यात जास्त मार चेहऱ्यांना बसतो. शिवाय मॅपलिथोवर काळा रंग पूर्ण काळा होत नाही, गडद करडा होतो, त्यामुळे काळे केस, काळा कोट, मागची अंधारी भिंत हे सगळं एकाच गोळ्यात जातं. प्रिन्सिपल सरांचा कोट आणि खुर्ची वेगळी दिसत नाही ती यामुळेच.

पण खरा घोळ याच्या एक पायरी आधी होतो आणि तो कोणी बघतच नाही. फोटोशॉपमध्ये इमेज, मोड, सीएमवायके असं केलं की फोटो कुठल्या तरी प्रोफाइलप्रमाणे, म्हणजे कोणत्या कागदावर शाई कशी बसेल याच्या माहितीप्रमाणे बदलतो, आणि सेटिंगला कोणी हात लावला नसेल तर ते प्रोफाइल असतं यूएस वेब कोटेड स्वॉप. म्हणजे अमेरिकेतल्या मासिकांच्या गुळगुळीत लेपाच्या कागदासाठी बनवलेलं. फोटोशॉपला वाटतं कागद गुळगुळीत आहे, ठिपका कमी पसरणार, म्हणून तो ठिपके जाड ठेवतो. आपण छापतो मॅपलिथोवर, ठिपके आणखी पसरतात, आणि चेहरा जातो. कोणी काही चुकीचं बटन दाबलेलं नसतं, जे आपोआप सेट होतं तेच राहिलेलं असतं.

उपाय दोन आहेत आणि दोन्हीपैकी एकच करायचा. पहिला म्हणजे प्रेसला विचारायचं की तुमच्याकडे या कागदाचं प्रोफाइल आहे का. असेल तर तेच वापरा. नसेल तर लेप नसलेल्या कागदासाठीचं पीएसओ अनकोटेड व्ही३ नावाचं प्रोफाइल ईसीआय या युरोपातल्या गटाच्या साइटवर फुकट मिळतं, फोग्रा ५२ म्हणतात ते हेच. त्यात कागदाचं शाई पिणं आधीच धरलेलं असतं, त्यामुळे बदल करतानाच फोटो योग्य तेवढा उजळ होतो. कव्हरसाठी वेगळं, पीएसओ कोटेड व्ही३. दुसरा उपाय, प्रेसवाले म्हणाले आम्हाला आरजीबीच द्या, आमचं आम्ही बघतो, आणि ते नेमकं काय बघतात ते कळायला मार्ग नसेल, तर लेव्हल्समधला मधला बाण, गॅमाचा, १ वरून १.१५ ते १.२५ पर्यंत नेऊन फोटो स्क्रीनवर जरा जास्तच उजळ ठेवून द्यायचा. दोन्ही एकदम केलं की चेहरे खडूसारखे येतात, तेही पाहिलं आहे मी एका अंकात, त्यामुळे आधी प्रेसशी बोलून एक काय ते ठरवून घ्या.

प्रोफाइल उतरवून घेतलं की सॉफ्ट प्रूफ बघता येतं, छापल्यावर साधारण कसं दिसेल ते स्क्रीनवरच. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूतल्या प्रूफ सेटअपमध्ये ते प्रोफाइल निवडायचं, मग कंट्रोल वाय दाबलं की चालू-बंद होतं. गिंप फुकट आहे, त्यातही व्ह्यू मेनूतल्या कलर मॅनेजमेंटमध्ये हे आहे. पहिल्यांदा बघाल तेव्हा वाईट वाटेल, सगळा रंग उतरल्यासारखा दिसतो, पण मॅपलिथो खरंच तसाच छापतो, आणि हे धक्के एडिटिंग करताना बसलेले बरे.

याच ठिकाणी संत्र्याबद्दल सांगतो, कारण नागपूरच्या अंकात संत्र्याचा फोटो असतोच, कव्हरवर नाही तर आत. स्क्रीनवरचं चकाकणारं संत्री रंगाचं फळ सीएमवायकेच्या आवाक्याबाहेर जातं. शाईनं तो रंग येतच नाही, मग मशीन जवळचा रंग शोधतं आणि सालीवरचे बारीक खड्डे, चमक, सगळं एकाच सपाट केशरी थराखाली गाडलं जातं, मॅपलिथोवर तर तपकिरीकडे झुकतं. इथं सॅच्युरेशन वाढवायचं नसतं, कमी करायचं असतं. फक्त ऑरेंज रंगापुरतं सॅच्युरेशन जरा उतरवा, उजळपणा थोडा वाढवा, आणि सीएमवायकेमध्ये गेल्यावर फळाच्या उजेडाकडच्या भागातून सायन काढून टाका, जवळजवळ शून्यावर आणा. सायन हाच संत्र्याला मळवतो. फळ स्क्रीनवर थोडं फिकं दिसेल पण छापून आल्यावर सालीचा पोत दिसतो आणि पोत दिसला की डोळ्याला रंगही खरा वाटतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल शिफ्ट वाय दाबलं की जो भाग आवाक्याबाहेर आहे तो करडा होऊन दिसतो, तिथंच हात घालायचा, पूर्ण फोटोला नाही.

आता स्क्रीन. होस्टेलच्या खोलीत रात्री दिवा बंद करून, लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल करून एडिटिंग करायची आपल्याकडे फार सवय आहे. त्या उजेडात अंधारा फोटोसुद्धा छान दिसतो, म्हणून माणूस त्याला उजळ करतच नाही. छपाईच्या कामासाठी स्क्रीन बरीच मंद ठेवावी लागते, मापायचं यंत्र असेल तर दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला. यंत्र नसेल तर सोपी रीत आहे. खोलीतला नेहमीचा दिवा लावा, कोरा ए४ कागद स्क्रीनच्या बाजूला धरा, स्क्रीनवर एक रिकामं पांढरं पान उघडा, आणि दोन्ही सारखे पांढरे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवत न्या. बहुतेक लॅपटॉपवर निम्म्याच्या आसपास येऊन थांबतं. नाइट लाइट किंवा डोळ्यांसाठीचा पिवळा फिल्टर बंद. आणि तिथं एक स्टिकर लावून ठेवा, कारण कोणीतरी येऊन परत फुल करतंच.

फोनवर एडिट करणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये डिस्प्लेचा मोड व्हिव्हिड असतो, तो नॅचरल करा, ऑटो ब्राइटनेस बंद करा. आयफोनमध्ये ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद. आणि नवीन फोनमध्ये एक वेगळंच लफडं आहे, एचडीआर. फोटोच्या सोबत एक जास्तीची माहिती साठवलेली असते आणि स्क्रीन त्या भागांना जास्त उजेड देते, म्हणून गॅलरीत चेहरा लखलखतो, आणि तोच फोटो लॅपटॉपवर घेतला की विझल्यासारखा. पोट्टे म्हणतात ट्रान्सफरमध्ये खराब झाला. खराब नाही झाला, ती चमक फोटोत नव्हतीच, स्क्रीनमध्ये होती. आयफोनच्या सेटिंगमध्ये फोटोजमध्ये जाऊन व्ह्यू फुल एचडीआर बंद केलं की खरा फोटो दिसतो.

रंगाची जागा म्हणजे कलर स्पेस, कॅमेऱ्यात एसआरजीबीच ठेवा. एचपी आणि मायक्रोसॉफ्टनी १९९६ मध्ये आणलेलं ते साधं स्टँडर्ड आहे आणि सगळीकडे सरळ उघडतं. कोणीतरी व्हिडिओ बघून कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी करून ठेवतं, डीटीपीच्या मशीनवर प्रोफाइल गळून पडतं आणि चेहरे फिके, मेल्यासारखे दिसतात. ज्याला पूर्ण साखळी हातात ठेवता येते त्याच्यासाठी ते ठीक आहे, कॉलेजच्या टीमला नको.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवायचे की नाही हा वाद दरवर्षी होतो. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. ३०० पीपीआयनं छापायचं तर १६०० पिक्सेल म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. एका कॉलमच्या साडेआठ सेंटिमीटरच्या फोटोला साधारण हजार पिक्सेल पुरतात, तिथं व्हॉट्सअ‍ॅपचा फोटोही आकारानं चालून जातो. पण पूर्ण ए४ पानाला, कटिंगसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त धरून, २५५० बाय ३५८० पिक्सेल लागतात, तिथं तो फाटतो. आणि आकार पुरला तरी दाबून दाबून चेहऱ्याच्या सावलीत जे चौकोन पडतात ते फोटो उजळायला गेलं की वर येतात, म्हणजे अंधारा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला तर तो सुधारायची संधीच गेली. त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाही तर ड्राइव्हचं फोल्डर करा. फोटोशॉपमध्ये ७२ चं ३०० लिहिलं म्हणजे फोटो मोठा होत नाही, खरे पिक्सेल जेवढे आहेत तेवढेच राहतात, हे डीटीपीच्या पोरांनाही सांगून ठेवा.

आता कॅमेरा. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण इथं नीट झालं तर पुढचं सगळं सोपं जातं.

कॅमेऱ्याचं मीटर असं धरून चालतं की समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करडं आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर ग्रुप उभा केला, मागं एवढा मोठा उजळ घुमट, अर्ध्या पोरांच्या अंगात पांढरे शर्ट, कॅमेऱ्याला वाटतं अरे फारच उजेड आहे, तो सगळं खाली ओढतो आणि घुमट करडा, चेहरे काळे. अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं बटन असतं, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, ते अधिक ०.७ ते अधिक १.३ करा. उलट उदाहरण मारबतीच्या, म्हणजे वाजतगाजत नेतात त्या भल्यामोठ्या पुतळ्याच्या मिरवणुकीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाच्या गल्ल्यांत काळी मारबत समोर आली की तिनं पूर्ण फ्रेम भरते, कॅमेरा म्हणतो अंधार आहे, तो उजेड वाढवतो, मग काळी मारबत करडी दिसते आणि तिच्या पायाशी नाचणाऱ्या माणसांचे चेहरे जळून जातात. तिथं उणे करायचं, साधारण उणे ०.७ ते उणे १. थोड्याच वेळात पिवळी मारबत आली की परत अधिककडे, पिवळा रंग उजळ असतो आणि कॅमेरा त्याला मळवतो. ज्याला मीटर शिकायचं आहे त्यानं त्या दिवशी जावं, दोन्ही मारबती एकाच सकाळी, एकाच उन्हात मिळतात, याच्याहून चांगला वर्ग नागपुरात दुसरा नाही असं मला मनापासून वाटतं.

फोटो काढल्यावर कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर चेहरा बघून समाधान मानू नका, आपल्या उन्हात ती स्क्रीन काहीच खरं सांगत नाही. हिस्टोग्राम लावा, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. डोंगर डाव्या भिंतीला चिकटला आणि उजवीकडे मोठी रिकामी जागा असेल तर परत काढा, माणसं समोर उभी आहेत तोपर्यंतच.

फुटाळा तलावावर संध्याकाळी टीमचा फोटो काढायची सगळ्यांना हौस असते, सूर्य पाण्यावर, पोरं पुढं. मीटर सूर्याकडे बघून बंद होतं आणि पोरं सावल्या होतात. एकतर ग्रुपला काटकोनात वळवा म्हणजे उजेड बाजूनं पडेल, नाही तर कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उचला, फ्लॅशची ताकद उणे १ करा आणि शटर सेकंदाच्या २०० व्या भागापेक्षा फास्ट नेऊ नका, किंवा सूर्य बुडाल्यावरची ती दहा-पंधरा मिनिटं थांबा, तेव्हा आकाश आणि चेहरा जवळजवळ सारख्या उजेडात येतात. फोनवर असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक झालं की सूर्याचं छोटं चिन्ह वर सरकवा.

दुपारी बारा ते तीन ग्राउंडवर पोर्ट्रेट काढू नका. ऊन डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खाचा काळ्या होतात आणि मॅपलिथोवर तिथं दोन खड्डे छापले जातात. व्हरांड्यात घ्या, कडेपासून हातभर आत, तोंड बाहेर मोकळ्या आकाशाकडे, मागं भिंत. पुढं जमिनीवर पांढरी चादर किंवा दोन पांढरे चार्ट पेपर अंथरा, हनुवटीखालची सावली लगेच कमी होते. सर-मॅडमच्या पासपोर्ट साइज फोटोंचं पान असंच एका जागी, एका उजेडात, एकाच सकाळी काढून घ्या. सगळ्यांकडून जुने फोटो मागवले की प्रत्येकाचा रंग वेगळा येतो आणि सगळ्यात जास्त तक्रारी त्या पानाच्या असतात.

लॅब आणि वर्गात ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकच्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, म्हणून शटर फास्ट असलं की एक फोटो उजळ, एक अंधारा, किंवा आडवे पट्टे. शटर सेकंदाचा १०० वा किंवा ५० वा भाग ठेवा, जातं. खिडकीतून निळसर उजेड आणि वरून ट्यूबचा हिरवट, दोन्ही एकदम असतील तर व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, अर्धा चेहरा बिघडतोच. पडदा ओढा नाही तर ट्यूब बंद करा.

गॅदरिंगचं स्टेज वेगळं. मागं काळा पडदा, त्यामुळे कॅमेरा उलट चुकतो, चेहरा जाळतो. स्पॉट मीटरिंग करून चेहऱ्यावर मोजा. किट लेन्स १८-५५ झूम करून ५५ ला नेली की तिचं तोंड ५.६ पर्यंतच उघडतं, १८ ला ३.५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच पट जास्त उजेड. म्हणून मागच्या रांगेतून झूम करण्यापेक्षा स्टेजच्या पायऱ्यांपाशी जाऊन वाइड काढा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवायला घाबरू नका, ३२०० ला जाऊ द्या. अंधारा फोटो काढून नंतर उजळवला की त्याच्यात जास्त घाण येते, आणि थोडे दाणे छापताना दिसतही नाहीत. निळ्या-जांभळ्या एलईडीत काढलेले चेहरे मात्र शाईत येत नाहीत, तो निळा रंग शाईकडे नाहीच. पांढरा लाइट येईपर्यंत थांबायचं, आणि नाहीच आला तर तो फोटो सरळ कृष्णधवल करून वापरायचा.

कृष्णधवलवरून आठवलं. आतली बरीच पानं सिंगल कलरची असतात आणि तिथं रंगीत फोटो नुसता ग्रेस्केल केला की लाल ब्लाउज आणि हिरवी झाडं एकाच करड्यात जातात. ब्लॅक अँड व्हाइटचं टूल किंवा चॅनल मिक्सर वापरा, लाल चॅनल जरा वर घ्या, चेहरे उजळतात, झाडं मागं जातात. सिंगल कलर पानांवर चेहरे वाचवायचा याच्याहून सोपा उपाय मला माहीत नाही, आणि मिनिटभराचं काम आहे.

एडिटिंगचा क्रम फार लांबवत नाही. मूळ फाइल बाजूला, कॉपीवर काम. आधी व्हाइट बॅलन्स, मग कर्व्ह्जनी चेहऱ्याचा मधला भाग वर, मग सावल्या जरा मोकळ्या, लेव्हल्समध्ये आउटपुटचा काळा १० ते १५ वर आणा म्हणजे केस आणि कोट मॅपलिथोवर एकमेकांत मिसळत नाहीत. स्नॅपसीडमधलं एचडीआर स्केप लावू नका, ते चेहऱ्यावर काळ्या कडा आणतं आणि छपाईत त्या दुप्पट होतात. ब्यूटी फिल्टर पण नको, कातडीचा पोत पुसला की मॅपलिथोवर नुसता डाग उरतो. शार्पन सगळ्यात शेवटी, फोटो छापायच्या आकाराला आणल्यावर. काम चालू असेपर्यंत पीएसडी किंवा टिफ, जेपीजी फक्त शेवटी एकदा, कारण जेपीजी जितक्या वेळा सेव्ह कराल तितक्या वेळा थोडा मरतो.

सगळं झाल्यावर एक पट्टी छापून बघा. एकच फोटो घ्या, सावळा चेहरा, गोरा चेहरा, पांढरा शर्ट, काळे केस असलेला, त्याच्या पाच कॉपी, गॅमा १, १.१, १.२, १.३, १.४, खाली आकडे टाका आणि प्रेसवाल्यांना विनंती करा की दुसऱ्या कोणाचं काम याच कागदावर चाललं असेल तर कडेच्या कटिंगच्या जागेत ही पट्टी लावून द्या. ऑपरेटर दादांना आधी जाऊन भेटा, चहा घ्या, काय करून राहिलो ते नीट सांगा, बहुतेक जण मनापासून मदत करतात, त्यांनाही काळे चेहरे छापायची हौस नसते. असं जमलंच नाही तर त्याच मॅपलिथोचे चार कागद मागून आणून डिजिटल प्रिंट काढा, ऑफसेटसारखं हुबेहूब नसेल पण कागदाचा स्वभाव कळतो. पट्टी वाळू द्या, लगेच ओली बघून ठरवू नका, वाळल्यावर मॅपलिथोवरचे रंग आणखी बसतात. मग खिडकीजवळ नेऊन बघा कोणता चेहरा ओळखीचा वाटतो, तो आकडा पूर्ण अंकाला.

आणि बजेटमध्ये थोडी जागा असेल तर फोटोंची सगळी पानं आठ किंवा सोळा पानांच्या एकाच फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात आणून तेवढाच फर्मा आर्ट पेपरवर छापायला सांगा, पूर्ण अंक आर्ट पेपरवर घ्यायची गरज नसते. यासाठी मांडणी सुरू व्हायच्या आधी संपादक मंडळाशी बोलावं लागतं, प्लेटा बनल्यावर काही होत नाही. प्लेटा झाल्याच असतील आणि उद्या छपाई असेल तर मशीनवर शाई थोडी कमी करून मागता येते, पण ती त्या पट्ट्यातल्या सगळ्या पानांवर कमी होते, मजकूरही फिका पडतो. त्यापेक्षा सगळ्यात वाईट असलेले दोन-तीन फोटो निवडा, तेवढ्या पानांच्या प्लेटा परत करायला किती लागतील ते विचारा, आणि सर-मॅडमचं पान त्यात पहिलं धरा.